बर्फाचं बटण

गेल्या वर्षी मे महिन्यात एका शोरूममध्ये मला बर्फाचं बटण दाखवण्यात आलं. गाडीचं नाव सांगत नाही, शोरूमचंही नाही. तसली बटणं आता बऱ्याच गाड्यांत असतात, एकट्यालाच का बदनाम करा? गिअरच्या मागे एक गोल खुंटी आणि तिच्याभोवती तीन चित्रं: चिखल, वाळू, बर्फ. बाहेर अडतीस-एकोणचाळीस डिग्री ऊन होतं. गळ्यात टाय बांधलेला विक्रेता घामाने निथळत म्हणाला, "सर, हा स्नो मोड."

सर म्हणजे आमचे हे. यांना सायकलसुद्धा येत नाही. गाडी मी चालवते, पैसे माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचे, प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं यांना मिळत होती.

"कणकवलीत बर्फ कुठे पडतो?" मी विचारलं.

"मॅडम, मनालीला गेलात तर."

"मनालीला आम्ही बसने जाऊ. हिची मागची चाकं ओढतात का?"

"मॅडम, ही प्रॉपर एसयूव्ही आहे."

"मागची चाकं."

त्याने माहितीपत्रक उलटंपालटं केलं, आतून एका साहेबांना बोलावलं. साहेबांनी यांच्याकडे बघून उत्तर दिलं, "फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे सर, पण फील फोर बाय फोरचाच येतो."

फील! अठ्ठावीस वर्षं बँकेत काउंटरवर बसले. खात्यात पैसे नाहीत, पण असल्याचा फील येतोय, असं मी कुठल्या खातेदाराला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझी बदली गडचिरोलीला झाली असती.

आता मला हे कशासाठी हवं होतं ते सांगते. घर कणकवलीपासून आत, सह्याद्रीच्या बाजूला. डांबर संपतं तिथून अडीच किलोमीटर. आधी कातळाचा सडा, मग दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे असलेली पाणंद, मग पऱ्या, त्याच्यावर सिमेंटचे दोन पाइप घालून केलेली मोरी, आणि शेवटी घाटी. घाटी म्हणजे लाल मातीची चढण. उन्हाळ्यात तिच्यावर धूळ, जूनमध्ये शेवाळ, जुलैत चिखल आणि ऑगस्टमध्ये मध्येच ओहोळाने खणलेला चर. वाडीत चौदा घरं. त्यांतली नऊ गणपती आणि शिमगा सोडून कुलपात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली आली तेव्हा सपाट भागात पाचशे लोकवस्तीची अट होती. आमच्या वाडीत पाचशे माणसं मोजायची तर कुळाचे मूळपुरुष आणि वेशीवरचे देवचार धरूनही भागणार नाही. 2021 साली शेतरस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना निघाली. तिचाही अर्ज दिला आहे. कागद हलतोय असं ऐकते. घाटी मात्र दर वर्षी नक्की हलते, थोडी थोडी खाली.

इतकी वर्षं हा सगळा कारभार एका ओम्नीने केला. हसू नका. 796 सीसीचं इंजिन, ओढ मागच्या चाकांना, आणि मागे काजूची दोन पोती टाकली की मागचा टायर माती धरतो. वजन नगण्य. रुतली तर चार माणसं उचलून बाजूला ठेवतात. कंपनीने ती 2019 मध्ये बंद केली. आमचीचं वय झालं, आणि सासूबाईंचंही झालं. एका जुलैच्या रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि घाटीच्या पायथ्यापर्यंत त्यांना खुर्चीत बसवून न्यावं लागलं. त्या रात्री मी ठरवलं की चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची. लहान, हलकी, पेट्रोल न पिणारी, आणि निवृत्त बँक कारकुनाला परवडेल अशी. मागणी अवास्तव आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सल्ल्याला तोटा नव्हता. डोंबिवलीचा भाचा म्हणाला, "मामी, थार घे, डोळे मिटून." डोळे मिटून आमच्या पाणंदीतून जाता येत नाही. गडगे घातले ते बैलगाडीच्या मापाने. सर्वांत अरुंद जागी मी टेप लावून मोजलं: सहा फूट दोन इंच, म्हणजे 1880 मिलिमीटर. थारची रुंदी 1820. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर उरतात, तेही आरसे दुमडून. रोज संध्याकाळी बाजारातून येताना सुईत दोरा ओवायचा. शिवाय गाडी पावणेदोन टनांच्या आसपास. चिखलात वजन म्हणजे काय ते म्हशीला विचारा. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला मुंबई-गोवा महामार्गावरून ऐटीत जायचंय त्याची ती गाडी, आणि त्या महामार्गाचं काम 2011 पासून ज्या गतीने चाललंय ते बघता तिथे ती लागेलही. माझी ती नव्हे.

सरपंच म्हणाले बोलेरो. तिच्या कॅम्परचं फोर बाय फोर मॉडेल येतं, मजबूत असतं, पण लांबी पाच मीटरला टेकते. पऱ्याच्या वळणावर तिला तीनदा मागेपुढे करावं लागेल, आणि तिसऱ्यांदा मागे पऱ्याच आहे.

मग मी बाजार धुंडाळला आणि चकित झाले. ज्या गाड्यांना आपण एसयूव्ही म्हणतो, ज्यांच्या जाहिरातीत नदी उडवत, डोंगर तुडवत, हरणाच्या डोळ्यांत बघत गाडी येते, त्या क्रेटा, नेक्सॉन, ब्रेझा, पंच या सगळ्या पुढच्या दोन चाकांवर चालतात. चारही चाकं ओढणारं मॉडेल त्यांत मिळतच नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या छोट्या एसयूव्ही म्हणजे टाचा उंच केलेल्या हॅचबॅक. त्यांच्या चाकांवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कमानी, छताचे रूळ, पुढचा तो खोटा चंदेरी पत्रा हा सगळा पिंगळ्याचा वेष. अंगावर घोंगडी आहे, पहाटे उठायची तयारी नाही.

आणि छताला भोक. त्याला सनरूफ म्हणतात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या निम्मा धरला तरी घराचं छप्पर दर मे महिन्यात शाकारायचं आणि मग भोक पाडलेल्या छपराची गाडी जास्त पैसे मोजून घ्यायची, हे तर्कशास्त्र मला कोणी समजावून सांगेल का? मागच्या चाकांना ओढ देणारा दांडा बसवायला पैसे नाहीत, छताला काच बसवायला आहेत. कारण काच शेजाऱ्याला दिसते. दांडा गाडीखाली असतो, आणि गाडीखाली फक्त मेस्त्री जातो.

आमचा मेस्त्री मात्र सगळ्यांत शहाणा निघाला. फोर बाय फोर घ्यायचं म्हणताच त्याने ओम्नीच्या चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "वयनी, टकल्या टायराक फोर बाय फोर काय करतला? चारय पाय घसरतले." बरोबर होतं. टायरची नक्षी संपली होती आणि मी इंजिनाला दोष देत होते. हे गावातल्या निम्म्या लोकांना लागू आहे. दोन चाकांच्या गाडीला खोल नक्षीचे टायर घातले, चिखलात हवा तीसवरून वीस-बावीसवर आणली, वर आल्यावर पायपंपाने पुन्हा भरली, तर निम्म्या घाट्या चढता येतात. आणि ज्यांची पुढची चाकं ओढतात ते आमच्याकडे घाटी उलटी चढतात, रिव्हर्समध्ये. पाहुणे हसतात, पण चढावर वजन उताराकडे सरकतं. गाडी उलटी केली की ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात आणि त्यांच्यावर भार पडतो. शाळा न शिकलेल्या ड्रायव्हरांनी हे पदार्थविज्ञान मान मोडून मागे बघत बघत शोधून काढलंय. दोन पोरं बॉनेटवर बसवली की काम आणखी सोपं.

मग फोर बाय फोर लागतंच कुठे? जिथे एक चाक चरात लोंबकळतं तिथे. दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाचा गोळा असतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून तो असतो, आणि वळणावर तो गुणी आहे. चिखलात त्याचा स्वभाव एखाद्या सहकारी सोसायटीसारखा होतो: जो सभासद काहीच काम करत नाही त्याच्याच वाट्याला सगळं. एक चाक हवेत किंवा शेवाळावर गेलं की तेच गरगर फिरत राहतं, दुसरं घट्ट मातीवर असूनही मख्ख. चारही चाकांना ओढ असली की पुढचा किंवा मागचा कोणीतरी गाडी ओढतो. शिवाय खऱ्या फोर बाय फोरला एक दुसरा दांडा असतो, फोर लो. वेग निम्म्याहून खाली येतो, ताकद त्या हिशेबाने वाढते, आणि उतरताना ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनाच्या जोरावर मुंगीच्या पावलांनी उतरते. घाटी चढण्यापेक्षा उतरताना माणसं मरतात, हे घाटीवर राहणाऱ्यालाच ठाऊक. फोर बाय फोरने ब्रेक जास्त लागत नाही, हेही त्याला ठाऊक असावं लागतं. डांबरावर ते लावून पळवलं तर गिअरची हाडं मोडतात. हे सगळं त्या शोरूममधल्या कोणाला माहीत होतं? नाव काढू नका.

म्हणजे मला हवं होतं ते अवजार. कोयता, खोरं, पॉवर टिलर यांच्या रांगेतलं. वर्षातले तीनशे दिवस ते पडून राहिलं तरी चालेल, उरलेल्या दिवसांत ते हवंच. मी डायरी ठेवली. 10 जून ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा या काळात चारही चाकांची खरी गरज मला चाळीस-बेचाळीस दिवस पडली असती. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी? छत्रीचा हिशेब तुम्ही दिवसांत करता का?

हे अवजार आपल्याकडे होतं. 1985 साली मारुतीने जिप्सी आणली. रुंदी दीड मीटरच्या आसपास, वजन टनाच्या आसपास, खाली पाटे, वर कापड. सैन्याने घेतली, वन खात्याने घेतली, पोलिसांनी घेतली. शेतकऱ्याने मात्र फारशी घेतली नाही, कारण ती पेट्रोल प्यायची आणि बसायला लाकडी बाकासारखी. 2019 च्या सुमारास ती बाजारातून गेली. आज जुनी जिप्सी घ्यायला जा. मोठमोठे टायर, चार-चार दिवे, छतावर फावडं आणि नळीतून श्वास घेणारं इंजिन लावलेल्या जिप्स्या पुण्या-मुंबईच्या छंदिष्टांकडे आहेत, आणि किमती ऐकून जीपखाली झोपावंसं वाटतं. फावड्याला माती लागलेली नाही. मी बघितलंय, लेबल तसंच होतं.

जगात बाकी ठिकाणी लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. फियाटने 1983 मध्ये पांडा नावाच्या डब्यासारख्या गाडीला चारही चाकांची ओढ दिली. इंजिन 965 सीसीचं, ओम्नीहून थोडंसंच मोठं. आल्प्सच्या डोंगरातले गवळी, पाद्री, पोस्टमन तिच्यावर जगले. जपानात छोट्या गाड्यांचा वेगळा वर्गच आहे, केई नावाचा. लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, इंजिन 660 सीसी, याच्या पुढे जायचं नाही, आणि कर कमी. या मापाचे चारही चाकांवर चालणारे छोटे ट्रक तिथला भातशेतकरी बांधावरून नेतो. सुझुकीची जिम्नी तिथे 1970 साली निघाली तेव्हा तिचं इंजिन 359 सीसीचं होतं. आजही तिथली छोटी जिम्नी 660 सीसीचीच आहे. आपण ज्यांच्याशी चाळीस वर्षं भागीदारी करतो तेच हे लोक. त्यांच्या देशात स्विफ्टसुद्धा चारही चाकांवर चालणारी मिळते. इग्निसही मिळायची. आपल्याकडे त्याच नावाच्या गाड्या आल्या तेव्हा मागचा दांडा समुद्रात पडला असावा.

म्हणतील, भारतात मागणी नाही. मागणी नाही की मागणाऱ्याला विचारलं नाही? 2023 च्या जूनमध्ये पाच दारांची जिम्नी आली. रुंदी 1645, वजन बाराशे किलोच्या आसपास, जमिनीपासून उंची 210 मिलिमीटर, फोर लो आहे, आणि सरकारी चाचणीत लिटरला 16.94 किलोमीटर. माझ्या यादीतलं जवळजवळ सगळं. पाणंदीत दोन्ही बाजूंना मिळून 235 मिलिमीटर उरतात. किंमत मात्र तेव्हा सुरुवातच 12 लाख 74 हजारांपासून होती, तीही शोरूममधली. त्यावर रस्ता कर आणि विमा. रस्ता नाही म्हणून गाडी, आणि गाडी आहे म्हणून रस्ता कर. सरकारचा दोन्ही टोकांनी फायदा.

शहराने तिच्याकडे बघून नाक मुरडलं. लहान आहे, मागची सीट अरुंद, ऐट नाही. शेतकऱ्याने किंमत बघून नाक मुरडलं. महिन्याला काहीशे गाड्या जेमतेम खपू लागल्या. आणि मग 2025 च्या जानेवारीअखेर गुरुग्रामच्या कारखान्यात बनलेली हीच पाच दारांची गाडी जपानात विकायला ठेवली, तर चार दिवसांत पन्नास हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी बंद करावी लागली. कोकणात बनला नाही तो हापूस, पण गत हापूसचीच. इथल्यांनी नाही म्हणायचं आणि पेटी परदेशी जायची.

आता कराकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे. बाकी सगळं हसण्यावारी नेता येतं.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ट्रॅक्टरवर 5 टक्के, आधी 12 होते. उत्तम. चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंतची, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतची गाडी 18 टक्क्यांत. बाकी सगळ्या पेट्रोल-डिझेल कार 40 टक्क्यांत. जिम्नी चार मीटरच्या आत बसते, पण इंजिन 1462 सीसीचं पेट्रोल. चाळीस. तंबाखूच्या आणि पानमसाल्याच्या पंगतीत पान वाढलं.

थारची गंमत याहून पुढची. तिच्या फोर बाय फोर मॉडेलला मोठं इंजिन आहे, म्हणून ते 40 टक्क्यांत. 1.5 लिटर डिझेलची जी थार आहे तिची फक्त मागची दोन चाकं ओढतात, आणि तिला 18 टक्के. म्हणजे जीपसारखी दिसणारी, जीपचं काम न करणारी गाडी सरकारच्या लेखी गरिबाची. तेच काम करणारी गाडी श्रीमंताची चैन. शहरातल्या पोराने कॉलेजच्या दारात उभी करायला घेतली तर सवलत, आणि मी सासूबाईंना घाटीवरून खाली आणायला घेतली तर दंड.

कायदा करणाऱ्यांनी असं मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायला निदान घाटी माहीत असावी लागते. जीएसटी आली तेव्हापासून एसयूव्हीच्या व्याख्येत लांबी आणि इंजिनाबरोबर एक तिसरी अट आहे: जमिनीपासून 170 मिलिमीटर किंवा जास्त उंची. या देशात खड्डे चुकवायला पोटाखाली पावणेसात इंच जागा लागणं हे चैनीचं लक्षण मानणारा माणूस कुठल्या रस्त्याने ऑफिसला जातो, मला एकदा बघायचंय. अर्ध्या महाराष्ट्राच्या गतिरोधकांना यापेक्षा जास्त उंची आहे. त्या व्याख्येत चारही चाकांच्या ओढीचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे गाडी काय करू शकते हे विचारायचंच नाही, ती केवढी आहे एवढंच. टेप घेऊन बसलेला शिंपी, गिऱ्हाइकाला काय काम आहे याच्याशी घेणं नाही.

पॉवर टिलरला अनुदान मिळतं. मला अनुदान नको. त्याच चिखलातून, त्याच घाटीवरून, तीच काजूची पोती वाहणाऱ्या दोन यंत्रांतल्या एकाला 5 आणि दुसऱ्याला 40 हे जरा जवळ आणा, एवढंच. दुसऱ्या यंत्रात आजारी माणूस आडवा झोपू शकतो म्हणून ते चैनीचं झालं का?

पेट्रोलचा हिशेबही सांगून टाकते, कारण परवडणं म्हणजे नुसती किंमत नव्हे. माझं महिन्याचं धावणं सातशे किलोमीटर. लिटरला दहा देणारी गाडी सत्तर लिटर पिते, पंधरा देणारी सत्तेचाळीस. पेट्रोल शंभराच्या वर. महिन्याला दोन हजार तीनशे-चारशेचा फरक, वर्षाला अठ्ठावीस हजार. काजूला भाव पडला त्या वर्षी हा आकडा मोठा असतो. म्हणून मला जुनी दणकट जीप परवडत नाही. ती विकत घेता येते, पाळता येत नाही.

राहता राहिली जुनी गाडी. हे शहाणपण मला उशिरा सुचलं. शहराने फोर बाय फोरचा पोशाख केलाय ना? मग पोशाख लोक दोन वर्षांत बदलतात. ते कपाट आपण उघडायचं.

जुनी फोर बाय फोर बघताना मेस्त्रीने मला पढवून पाठवलं. रंग बघू नका, खाली झोपा. चासी आणि दोन्ही ॲक्सलवर तांबेरा असेल तर ती समुद्रावर फिरवलेली, सोडून द्या. सुट्टीत किनाऱ्यावर चाकं उधळून, रुतून, शेवटी गावकऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या गाड्या पावसाळ्याआधी विकायला येतात, आणि खारं पाणी धुतलं तरी जात नाही. डिफरन्शियलचं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. चारही टायर एका मापाचे, एका झिजेचे हवेत, नाहीतर चारही चाकं जोडल्यावर ती एकमेकांशी भांडतात. आणि मोकळ्या मातीवर नेऊन दांडा टाकून बघा. टु-हायवरून फोर-हाय, तिथून थांबून फोर-लो. कुरकुर झाली तर ऐका, करकर झाली तर घरी या.

पुण्याला बाणेरला एक गाडी बघायला गेले. छोटी, दोन वर्षांची, चौदा हजार किलोमीटर चाललेली. मालक तिशीतला, कॉम्प्युटरमधला, सभ्य. यांच्याशी नाही, माझ्याशी बोलला, तिथेच निम्मा सौदा झाला. गाडीखाली मी झोपले तेव्हा त्याने धावत जाऊन योगासनाची चटई आणली. खाली सगळं कोरं. चिखलाचा ठिपका नाही. मी विचारलं, "फोर-लो शेवटचं कधी टाकलं होतं?"

तो म्हणाला, "काकू, खरं सांगू? ते काय असतं मला अजून नीट कळलेलं नाही. घेताना भारी वाटलं होतं. ताम्हिणीला जाऊ म्हणालो होतो."

"गेला नाहीत?"

"गेलो ना. रस्ता चांगला होता."

दांडा ओढून बघितला. हलेचना. तो बिचारा ओशाळला, पन्नास हजार स्वतःहून कमी केले. मी चेहरा पाडून घेतला. बँकेतली नोकरी अशा वेळी उपयोगी पडते. गाडी घरी आल्यावर मेस्त्रीने जोडाला तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी रबरी हातोडीने दोन टिचक्या मारल्या आणि दांडा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मेस्त्री हसत म्हणाला, "हेका कोणी हातच लावूक नाय." मग मला हळूच विचारलं की शहरात अशा आणखी किती असतील.

जूनमध्ये ती घाटी चढली. मी फुशारकी मारत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, फोर-लोमध्ये, शेजारच्या म्हशीच्या वेगाने. सासूबाई मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, ही चालत का नाही, धावत का नाही? छताला भोक नाही हे त्यांना बरं वाटलं.

बर्फाचं बटण हिला नाही.

ऑगस्टमध्ये पुण्याचा तो मुलगा फोनवर विचारत होता, "काकू, तो दांडा चालतो का हो?" चालतो म्हटलं. त्याला बरं वाटलं. फोन ठेवला तेव्हा मी गाडीतच होते, पऱ्याच्या अलीकडे, इंजिन बंद करून. दोन्ही पाइप भरून मोरीवरून पाणी चाललं होतं, गुडघ्याच्या वर, लाल आणि जोरात. अशा पाण्यात चार चाकं काय अन् सोळा काय. मेस्त्रीचा पोरगा पलीकडून हात हलवून ओरडत होता, "वयनी, पाणी उतरांदे मगे." मागच्या सीटवर सासूबाईंच्या गोळ्या होत्या आणि दोन नारळ. मी खिडकीची काच वर केली, पिशवीतली शेंगदाण्याची पुडी काढली आणि पाण्यातल्या एका दगडावर खूण ठेवून बसले.